कौतुक पुरे, वाट मोकळी करा

३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये जयपूरच्या अवनी लेखरा हिने दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. पॅरालिंपिकचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच स्पर्धेत तिने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदकही मिळविले आणि बरोबर तीन वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये एअर रायफलचे सुवर्ण पुन्हा आपल्याकडे राखले. दोन्ही वेळा आपण कौतुकात कसूर केली नाही. जिद्द, चमत्कार, दैवावर मात असे सारे ठेवणीतले शब्द आपण बाहेर काढले. प्रश्न एवढाच की, या शब्दांनी आपण तिचा गौरव करतो, की स्वतःची सुटका करून घेतो?

नेमबाजी हा खेळ भावनेला फारसा वाव देत नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यापासूनचे अंतर गुणाच्या दशांशात मोजले जाते. टोकियोच्या अंतिम फेरीत अवनीने चोवीस नेमांत २४९.६ गुण मिळविले आणि तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. म्हणजे नेमामागे सरासरी १०.४ गुण. त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात, चीनच्या यांग छियान हिने ऑलिंपिकमध्ये याच प्रकारातले सुवर्ण २५१.८ गुणांनी जिंकले होते. अंतर तेच, लक्ष्य तेच. फरक चोवीस नेमांत मिळून २.२ गुणांचा, म्हणजे नेमामागे दशांशाहूनही कमी! या फरकाला 'अपंगत्व' म्हणायचे असेल तर आपल्यापैकी कितीजण धडधाकट ठरतील?

शिवाय या गुणांमागचे श्रम वेगळेच आहेत. उभा राहणारा नेमबाज पाय आणि कंबर यांवर रायफलचा भार तोलतो. चाकाच्या खुर्चीवरील नेमबाजाला तो आधार नाही. साडेपाच किलोपर्यंतची रायफल त्याला स्वतःच पेलावी लागते. स्पर्धेच्या या प्रकाराला 'उभ्या स्थिती'चे नाव आहे. त्यामुळे खुर्चीत बसूनही कोपर कशावर टेकविता येत नाही. खुर्चीची पाठ किती उंच असावी, हेदेखील धडाच्या शक्तीची तपासणी करून नियमाने ठरविले जाते. या खेळात दयेला जागा नाही. असलीच तर ती प्रेक्षकांच्या मनात आहे.

२०१२ साली मोटार अपघातात अवनीच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. २०१५ मध्ये वडिलांच्या आग्रहाने तिने रायफल हाती घेतली. अभिनव बिंद्रा यांच्या आत्मचरित्राने तिला या खेळाची ओढ लावली. पुढे ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांच्या मार्गदर्शनाने तिचा खेळ घडला. तेवढ्यापुरता महाराष्ट्राचाही या यशाला हातभार आहे. हा भाग सर्वांना आवडतो. मात्र सुरुवातीला सरावाच्या जागी चाकाची खुर्ची नेण्यासाठी रॅम्पच नव्हता, तो नंतर करून घ्यावा लागला, हे तिने सांगितलेले आपण वाचतो आणि विसरतो. २०२२ साली फ्रान्समधील शातोरू येथील विश्वचषकाच्या तोंडावर तिच्या प्रशिक्षकाचा आणि सोबतच्या सहाय्यकाचा व्हिसा अडकला. सुवर्णपदक विजेतीला आपली व्यथा जाहीरपणे मांडावी लागली, तेव्हा कोठे चक्रे हलली. तिने मात्र तेथे २५०.६ गुणांचा नवा विश्वविक्रम केला. जिच्या गळ्यात पदक होते तिची ही कथा! ज्यांच्या गळ्यात पदक नाही, त्यांच्यासाठी कोण धावणार?

हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. टोकियोला अवनीने सुवर्ण मिळविले त्याच दिवशी, पुरुषांच्या त्याच प्रकारात कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर चौथा आला. जगातला चौथा! तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या कोल्हापूरने हे नाव जपले असेलही. पण उरलेल्या महाराष्ट्रात ते किती घरांत ठाऊक आहे? त्याहून जुने उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे आपली स्मरणशक्ती कोठे गेली होती?

या अनास्थेचे कारण आपल्या कौतुकाच्या स्वरूपातच दडलेले आहे. खेळाडूच्या यशाला आपण चमत्कार म्हटले की त्याची तयारी करण्याची जबाबदारी उरत नाही. चमत्काराला रॅम्प लागत नाही आणि तालुक्याला प्रशिक्षकही लागत नाही. आपण 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' म्हणू लागलो. शब्द बदलायला खर्च येत नाही. पायऱ्या मात्र होत्या तेथेच राहिल्या. संसदेने २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असे त्यात लिहिले आहे. नियम २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. खेळांच्या सोयींविषयीही त्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे. म्हणजे येथे कोणी कोणावर उपकार करावयाचे नाहीत. थकलेले देणे तेवढे चुकते करावयाचे आहे.

कोणी म्हणेल, मूठभर खेळाडूंसाठी एवढा खर्च कशाला? हे खेळाडू मूठभर का राहिले, याचे उत्तर या प्रश्नातच आहे. ज्या दारातून आत जाता येत नाही, त्या दाराशी गर्दी कशी होणार? आणि रॅम्प केवळ विजेत्यासाठी नसतो. गुडघे दुखणारे आजोबा, तान्ह्या मुलाला कडेवर घेतलेली आई, पाय मुरगळलेला शाळकरी मुलगा यांनाही तो लागतो. राहिला प्रश्न बक्षिसांचा. पदक मिळाल्यावर कोटींच्या थैल्या जाहीर करणे शासनाला शोभते, त्याला हरकत नाही. परंतु त्यातला लहानसा हिस्सा पदकाआधी, पहिली रायफल आणि रोजची ये-जा यांसाठी मिळाला, तर तो अधिक फळ देईल.

पॅरिसच्या अंतिम फेरीत शेवटच्या नेमापर्यंत दक्षिण कोरियाची ली युनरी पुढे होती. त्या नेमाला अवनीने १०.५ गुण घेतले आणि सुवर्ण तिचे झाले. अशा क्षणी खेळाडू एकटाच असतो आणि असावाही. पण त्या क्षणापर्यंत पोचण्याची वाट एकट्याने बांधावी, अशी अपेक्षा करणे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. वाचकांनी येत्या रविवारी आपल्या गावच्या क्रीडासंकुलाच्या दाराशी जाऊन पायऱ्या मोजाव्यात आणि शेजारी रॅम्प आहे का ते पाहावे. नसेल, तर सोमवारी संबंधितांना एक अर्ज द्यावा. अवनीच्या कौतुकाची खरी सुरुवात तेथून होईल.