वहिनींना जरा समजावा

गावातल्या किंवा वॉर्डातल्या एखाद्या बाईने स्थानिक राजकारणावर जाहीरपणे चार ओळी लिहिल्या की पहिली नोटीस पोलिसांची येत नाही. पहिला येतो तो फोन, आणि तो तिला येत नाही. तिच्या नवऱ्याला येतो. नवरा नसेल तर भावाला, दिराला, अगदीच कोणी नाही तर सोसायटीच्या चेअरमनला. फोन करणारा शिवीगाळ करत नाही, मोठ्या आपुलकीने बोलतो. "भाऊ, बाकी काही नाही, वहिनींना जरा समजावा. साहेबांच्या कानावर गेलंय." बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते. रात्री घरात जे काही बोलणे व्हायचे ते होते आणि सकाळी त्या चार ओळी फेसबुकवरून गेलेल्या असतात.

आणि त्या चार ओळींत असते तरी काय? गल्लीला चार दिवस पाणी नाही, पण वाढदिवसाचे फलक मात्र चौकाचौकात लागले, त्याचे पैसे कुठून आले? गटाराचे काम दोनदा मंजूर झाले, ते एकदाही का दिसले नाही? अंगणवाडीच्या पत्र्याचे काय झाले? क्रांतीची भाषा नसते त्यात, नळावर रोज बोलले जाते तेच असते. फरक इतकाच, की नळावरचे बोलणे हवेत विरते आणि लिहिलेले राहते. त्याचा फोटो काढून तो साहेबांपर्यंत नेता येतो, आणि नेणारे तयारच असतात.

आता वॉर्डावॉर्डात, गावागावांत व्हॉट्सअॅपचे ग्रुप झाले आहेत. नावे मोठी छान असतात, कुठे 'जागरूक नागरिक', कुठे 'आपला प्रभाग'. ग्रुप चालवणारा मात्र कुठल्या तरी पक्षाचा कार्यकर्ता असतो. दिवसभर तिथे दादांना शुभेच्छा, ताईंचे सत्कार, केक कापल्याचे फोटो. मध्येच एखादी बाई टँकरचा प्रश्न विचारते. तासभर कोणी बोलत नाही. मग एकजण लिहितो, 'ग्रुपवर राजकारण नको.' म्हणजे सत्कार हे राजकारण नव्हे, पाणी हे राजकारण! दुसऱ्यांदा विचारले की ती ग्रुपबाहेर. नागरिक कोण आणि कोण नाही हे तो एक माणूस अंगठ्याने ठरवतो.

यातली सगळ्यात कडू गोष्ट वेगळीच आहे. ज्या सदस्येला प्रश्न विचारला तीही बाईच असते. १९९३ साली घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. आपण त्यासाठी झगडलो, शिबिरे घेतली, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी म्हणून भांडलो. आज कितीतरी ठिकाणी सरपंचबाईंच्या नावाने जो फोननंबर सगळ्यांकडे आहे, तो उचलतो त्यांचा नवरा. प्रश्न विचारणारीचा नवरा आणि निवडून आलेलीचा नवरा चहाच्या टपरीवर भेटतात आणि प्रकरण 'मिटवतात'. एकीने विचारले नाही, दुसरीने उत्तर दिले नाही, आणि दोघींच्या वतीने समेट झाला.

शहरांची तऱ्हा आणखी वेगळी होती. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासकाचा कारभार होता. राज्यातल्या इतर अनेक महापालिका, जिल्हा परिषदा यांचेही तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले तेव्हा हालचाल सुरू झाली. त्या काळात सभागृह नव्हते, नगरसेवक माजी झालेले. तेव्हा बाईने जाब विचारायचा कुठे? तिच्या हातात होता तो फोन. म्हणून या लिहिण्याला 'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणून हसणाऱ्या आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींशी माझे पटत नाही. मोर्चा हवाच. पण ज्या बाईला सासू उंबऱ्याबाहेर सोडत नाही, तिचा मोर्चा तिथेच निघतो.

समजावून भागले नाही की पोलीस येतात. पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरचा बंद. एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचे काही. तिच्या मैत्रिणीने ते नुसते 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. बंद भीतीपोटी आहे की नाही याचे उत्तर जमावाने स्वतःच दिले, असे म्हणायला हरकत नाही. देशभर ओरड झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटला गुंडाळला गेला. ज्या कलमाचा त्या वेळी आधार घेतला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. कोणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असे लिहिले तरी तीन वर्षांपर्यंत कैद. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. तरी पोलीस ठाण्यांतून त्याखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले, इतके की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

हा रोग एकाच पक्षाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचे व्यंगचित्र पुढे पाठवले म्हणून कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीतामुळे शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी खारचा स्टुडिओ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे हातोडेवाले तिथे हजर झाले. सत्ता ज्याची, त्याच्या भावना दुखावतात. विरोधात गेला की त्यालाच मतस्वातंत्र्य आठवते.

आणि आता आपल्याविषयी. मे २०२२ मध्ये केतकी चितळे या अभिनेत्रीने शरद पवार यांच्यावरचा एक पद्यवजा मजकूर फेसबुकवर टाकला. मला तो मजकूर आवडला नव्हता, आजही आवडत नाही. कोणाच्या आजाराची आणि शरीराची टिंगल ही टीका नव्हे. पण त्यासाठी राज्यभरात वीसच्या वर गुन्हे दाखल झाले आणि तिला चाळीसएक दिवस तुरुंगात काढावे लागले. कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई आणि अंडी फेकणाऱ्या पक्षाच्या महिला कार्यकर्त्या होत्या. आपल्या बैठकांत तेव्हा सूर असा होता की 'ती आपल्या विचारांची नाही, कशाला पडा त्यात.' पालघरच्या मुलींसाठी आपण बोललो, कारण त्यांचे म्हणणे आपल्याला पटण्यासारखे होते. ज्याचे म्हणणे पटते त्याच्या बाजूने तर त्याचा पक्षही उभा राहतो. त्याला चळवळ कशाला लागते? आणि पक्षाच्या महिला आघाडीचे काम बाईवर शाई फेकणे हे असेल, तर त्या आघाडीतल्या बायकांशीही आपल्याला कधी तरी बोलावे लागेल. त्यातल्या काहीजणी आपल्याच शिबिरांतून गेलेल्या असतात.

यावर लगेच एक प्रश्न येतो आणि तो खरा आहे. मग बायकांना जे घाणेरडे लिहिले जाते तेही मतस्वातंत्र्य का? नव्हे. एखादीने रस्त्याचा हिशोब मागितला आणि उत्तरात तिच्या चारित्र्यावर लिहिले, चेहरा भलत्या फोटोला चिकटवला, बलात्काराची धमकी दिली, तर तो वाद नव्हे, गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत लैंगिक शेरेबाजीला ७५, पाठलागाला (फोनवरचा पाठलागही) ७८ आणि विनयभंगाच्या हेतूने काढलेल्या शब्दांना ७९ ही कलमे आहेत. नेत्याचा अपमान झाला म्हणून रातोरात अटक करणारे ठाणे या कलमांखाली तक्रार घ्यायला किती फेऱ्या मारायला लावते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

तरीही इथेही कायद्याचा हात कुठवर लांबवायचा याचा विचार हवा. गोंदियाकडच्या एका प्रकरणात ग्रुपवर एका सदस्याने एका बाईला अश्लील भाषा वापरली. चालवणाऱ्याने ना त्याला काढले, ना माफी मागायला लावली. बाईने त्याच्यावरही तक्रार केली. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितले की दुसऱ्याच्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ग्रुप चालवणारा गुन्हेगार ठरत नाही. त्या बाईचा संताप मला समजतो. पण निकाल उलटा लागला असता तर? उद्या आपल्याच बचत गटाच्या ग्रुपवर कोणी आमदाराविरुद्ध काही टाकले की पहिली उचलली गेली असती ग्रुप चालवणारी आपली ताई. निर्लज्ज ग्रुपचालकाला वठणीवर आणायचे ते आपण, सगळ्याजणींनी मिळून तो ग्रुप सोडून.

वकील मैत्रिणींकडून कळलेल्या काही गोष्टी प्रत्येकीला तोंडपाठ हव्यात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस द्यावी लागते, थेट अटक हा नियम नाही. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे. सूर्यास्तानंतर, अगदी अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी असल्याशिवाय, बाईला अटक नाही, आणि तेव्हाही महिला अधिकारी हवी. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, त्यांत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करणे उचित. आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या नव्हे. हा निकाल मराठीत एका पानावर छापून प्रत्येक शाखेत ठेवला पाहिजे.

पण कायदा माहीत असून नवऱ्याला आलेल्या फोनचे काय करायचे? त्याला कलम नाही. काही गावांतल्या मैत्रिणींनी एक साधी पद्धत काढली आहे. प्रश्न एकीच्या नावाने लिहायचाच नाही. आठ-दहा जणींनी तोच मजकूर, त्याच संध्याकाळी, आपापल्या नावाने टाकायचा, सोबत ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जाच्या पोचेचा फोटो. फोन करणाऱ्याला मग दहा नवऱ्यांना समजवावे लागते, आणि त्या दहांतला एखादा तरी म्हणतो, 'तिच्याशीच बोला, तिचा नंबर देतो.' पुढच्या बैठकीत आपल्या तालुक्यांपुरते हे करून पाहायचे का, कोणी कोणाबरोबर ठाण्यात जायचे, रात्री फोन कोणी उचलायचा, याची यादी तयार करून आणावी. यादीत पक्षाच्या महिला आघाडीतल्या बायकांनाही विचारा, दोघी-तिघी येतील.