पदरमोडीचे पुस्तक वाचता आले पाहिजे

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या ज्या रांगा लागतात, त्यातली कितीतरी पुस्तके लेखकांनी स्वतःच्या खिशातून छापलेली असतात. प्रस्थापित प्रकाशकांनी दारे उघडली नाहीत, म्हणून आमच्या माणसांनी भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून पुस्तके काढली. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण पुस्तक उघडले की जीव कासावीस होतो. मुखपृष्ठ चार रंगांत, गुळगुळीत. आत दहा पॉइंटचे अक्षर, ओळीला ओळ चिकटलेली आणि बांधणीकडचे शब्द पाठीत गडप!

कारण विचारले की उत्तर ठरलेले, कागद परवडत नाही. मग सुरुवातीची पंधरा-सोळा पाने पुढाऱ्यांच्या शुभसंदेशांना आणि सत्काराच्या फोटोंना कशी परवडतात? डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा. म्हणजे अख्खा फर्मा शुभेच्छांना आणि मजकुराला कोंडवाडा. ऐंशी पानांच्या मजकुराला तो फर्मा दिला, तर अक्षर दहाचे अकरा पॉइंट होते. आणखी फर्माभर कागद घातला की बाराच्या जवळ जाते. तेवढा खर्च कराच. कारण आमचा वाचक कोण? मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला निवृत्त कामगार आणि प्रौढ वयात अक्षरे गिरवलेली माय. त्यांनाच वाचता येत नसेल तर पुस्तक कोणासाठी काढले?

बाबासाहेबांकडे पाहा. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा १९३६ साली त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण स्वतःच छापले. गांधींना आठ आणे किंमत जास्त वाटली. तरी दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर परिशिष्ट म्हणून जोडले. शुभसंदेशांच्या जागी विरोधकाचा लेख! १९५७ साली आलेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ ग्रंथाची मांडणीही बघण्यासारखी आहे. खंड, भाग आणि पुढे परिच्छेदांनाही क्रमांक. वर्षावासात विहारात वाचन चालते, तेव्हा काल कुठे थांबलो ते चटकन सापडते. आमच्या कित्येक पुस्तकांत साधी अनुक्रमणिका नसते, असली तर पानांचे आकडे जुळत नाहीत.

अक्षरजुळणीचे दुखणे वेगळेच. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात. घरच्या संगणकावर नीट दिसणारी फाइल प्रेसमध्ये उघडली, तिथे तो फॉन्ट नसला, की ओळी सरकतात आणि पानेही बदलतात. म्हणून ऑपरेटरकडून फॉन्टसकट पीडीएफ घ्या. बांधणीच्या बाजूला पाऊण इंच समास सोडायला लावा. मग एक फर्मा खऱ्या आकारात कागदावर काढून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या, तोही रात्री, ट्यूबलाइटखाली. ते पुन्हा पुन्हा चष्मा पुसू लागले तर छपाई थांबवा.