मूल होत नसेल तर पुरुषानेही तपासून घ्यावे

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या वस्तीतही बोट सुनेकडेच जाते. तिच्या तपासण्या होतात, गोळ्या-इंजेक्शने होतात. नवरा फार तर लॅबमध्ये वीर्य तपासून येतो. आमचे म्हणणे असे, की तेवढ्याने भागत नाही. डॉक्टरांनी त्याचे अंडकोष हाताने तपासलेच पाहिजेत.

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. ज्यांच्या वीर्यात शुक्राणू कमी असतात, त्यांना अंडकोषाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. लहानपणी ज्याची गोळी खाली उतरली नव्हती, त्याला हा धोका आणखी असतो. आजार विरळा आहे, उगाच घाबरू नये. पण तो बहुधा १५ ते ४० या वयात, ऐन कमावत्या दिवसांत होतो. सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही, म्हणून माणूस ती दाखवत नाही.

वेळेत कळले तर १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण बरे होतात. एक अंडकोष काढावा लागला तरी दुसऱ्यावर बाप होता येते. उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोयही असते. ती डॉक्टरांना आधीच विचारावी.

अडते ते लाजेपाशी. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी कोर्टात कर्व्यांची बाजू मांडली. शरीराच्या प्रश्नांवर उघड बोलणे त्यांना पाप वाटले नाही. मग आपण का लाजावे?

महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही अंडकोष बोटांनी हलके चाचपावेत. कडक गाठ, सूज किंवा जडपणा जाणवला तर हायड्रोसील असेल म्हणून घरी बसू नये. नाशिकच्या सिव्हिलमध्ये सर्जनला दाखवावे. शंका असेल तर ते सोनोग्राफी करायला सांगतील. कॅन्सर निघाल्यास महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारावे. सहा महिन्यांच्या बाळाची गोळी उतरली नसेल, तर त्यालाही सर्जनकडे न्यावे.

सासूबाईंनो, पुढच्या वेळी सुनेला दवाखान्यात नेताना मुलालाही सोबत न्या. तपासणी दोघांची झाली तर सुनेवरचा बोल टळेल, आणि कदाचित मुलाचा जीवही वाचेल.