पिल्लाची आई कुठाय?

आमच्या सोलापुरात माणूस चादर घ्यायला गेला, की ती पुरती उलगडतो, उलटी-सुलटी करतो, दोन बोटांत चुरून बघतो आणि एवढं करून "दुसरी दाखवा" म्हणतो. हाच माणूस चादरीच्या कितीतरी पट पैसे घेऊन कॉकर स्पॅनियलचं पिल्लू आणायला जातो, तेव्हा त्याचे लोंबते कान बघून विरघळतो आणि पाच मिनिटांत व्यवहार उरकतो. माझं भांडण आहे ते या पाच मिनिटांशी.

कॉकर म्हणजे विलायतेत वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जोपासलेलं कुत्रं. आपल्याकडे नान्नजला माळढोक; त्याची शिकार सोडाच, तो नुसता दिसला तरी बातमी होते! तेव्हा हे शिकारी मे महिन्यात 42 अंशांत तुमच्या फरशीला पोट लावून पडणार, हे ठरलेलं. असो. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण निदान माल तरी बघाल की नाही?

एका स्नेह्यांबरोबर मी अशा एका ठिकाणी गेलो होतो. विचारलं, "पिल्लाची आई कुठाय?"

"आई फार्मवर हाय की सायेब. बाप बघा, च्यांपियन हाय!"

बाप कागदावर आणि आई गावाला! मुलीचं स्थळ बघताना असं उत्तर मिळालं असतं, तर आमचे स्नेही पोहे न खाता उठले असते. मग वंशावळीचा कागद आला. त्यात आईचे वडील आणि बापाचे वडील एकच! मी तिथं बोट ठेवलं, तर "त्याला लाइन ब्रीडिंग म्हनत्यात," असं अभिमानानं उत्तर. सगोत्र म्हणून चांगला इंजिनियर परत पाठवणारे आमचे स्नेही मान डोलावत होते.

अहो, तो कागद फक्त पूर्वज सांगतो, प्रकृती नाही. या जातीत डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार पिढीजात चालतो. आई-बापाची त्यासाठी जनुकीय तपासणी करता येते. तो कागद मागा, चॅम्पियनच्या रिबिनी मागाहून. आणि कान उचलून सरळ नाक लावा. त्या केसाळ कानांत हवा खेळत नाही, मळ साचतो, कान फुटतो. लोक हसतील. आंबा नाही का आपण हुंगून घेत?

"पाच आठवड्यांचंच न्या, लळा लवकर लागतो," असं सांगणाऱ्याला 2017 सालचे केंद्राचे नियम दाखवा. 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. किती जोरात चावायचं, हे पिल्लू त्या वयात भावंडांशी मस्ती करताना शिकतं. तिथं राहिलेला अभ्यास ते तुमच्या पोटरीवर पुरा करतं.

पण मुख्य गोष्ट आईची. ती दाखवत नाहीत, कारण बहुतेक वेळा ती दाखवण्याजोगी ठेवलेलीच नसते. पिंजऱ्यात, वितीवर वीत, अंगावरचे केस गेलेले. आपण पाच मिनिटांत पैसे मोजतो ते तिच्या पुढच्या वितीसाठी. तेव्हा आई दिसली नाही, तर पैसे खिशात ठेवून उठा. मुलं रडतील. सात रस्त्यावर त्यांना आइस्क्रीम घेऊन द्या.