बिनव्याजी कर्ज

मागच्या महिन्यात क्लायंटकडे चेन्नईला गेलो होतो. हॉटेल, टॅक्सी, जेवण, सगळं माझ्या क्रेडिट कार्डावर. कार्डाचं बिल भरूनही झालं, क्लेम मात्र अजून 'पेंडिंग'! म्हणजे कंपनीला बिनव्याजी कर्ज मी द्यायचं आणि वर खुलासेही मीच द्यायचे.

340 रुपयांचं जेवणाचं बिल परत आलं. का, तर त्यावर कंपनीचा जीएसटी नंबर नाही. अहो, कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे अशा जेवणावरचं क्रेडिट कंपनीला एरवीही मिळत नाही, मग नंबर हवा कशाला? रिक्षाचे पैसे यूपीआयने दिले, तर स्क्रीनशॉट चालत नाही, पावतीच हवी. मीटरच्या रिक्षात कुणाला पावती मिळाली असेल तर कळवा राव!

लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. मी नाही घालणार, असले फॉर्म मीच लिहितो (पापी पेट!). तो लाल चांदणीवाला रकाना ऑप्शनल करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पण तसं सांगणार कोण? उशिराचा भुर्दंड कंपनीला बसतच नाही ना.

तीस दिवसांत बिल टाकलं नाही तर आमचा क्लेम बाद. मग तीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीने व्याज द्यावं. सोमवारी हेच मेलमध्ये लिहून पाठवतोय, सीसी सगळ्या टीमला.