आईसोबत पबमध्ये

शीर्षक वाचून भुवया उंचावल्या ना? माझ्या आईच्याही उंचावल्या होत्या.

मुंबईत कुलाबा कॉजवेवर दोन तास कानातली आणि चपला बघून आमचे पाय बोलायला लागले होते. रीगल सिनेमाजवळ कॅफे मोंडेगार दिसलं आणि मी म्हटलं, ‘‘आई, इथे बसूया.’’ तिने आत डोकावून पाहिलं. टेबलांवर बिअरचे मग होते.

‘‘अगं, इथे तर पितात! बायका बसतात का अशा ठिकाणी?’’

बसतात. शेजारच्याच टेबलावर एक आजी नातवासोबत फ्रेंच फ्राइज खात होत्या. पण आईची शंका समजण्यासारखी होती. तिच्या पिढीने बार पाहिला तो बाहेरूनच. अर्धवट ओढलेलं शटर, झोकांड्या खाणारी माणसं आणि ते बघून पलीकडच्या फुटपाथवरून जाणाऱ्या बायका.

हे ठिकाण १९३२ मध्ये सुरू झालं, ते इराणी कॅफे म्हणून. आज इथे बिअर मिळते आणि पोटभर जेवणही. भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत, एका भिंतीवर मुंबई, दुसरीवर गोवा. टेबलं इतकी जवळ की अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लागतं. आई चित्रं बघण्यात रमली. ‘‘हा बघ, अगदी आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी!’’ म्हणून हसलीसुद्धा.

वेटर आला. आईने फ्रेश लाइम सोडा मागवला. मी क्षणभर थांबले आणि बिअर मागवली. आईसमोर, पहिल्यांदाच.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आतापर्यंत लपवत होतीस ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग हे बरं. निदान डोळ्यांसमोर तरी आहे.’’ थोडं थांबून तिने पुढे सांगितलं, ‘‘तुझे बाबा कधी सांगून प्यायले असते, तर मी रात्र रात्र घाबरत बसले नसते.’’

ही गोष्ट तिने मला घरी कधीच सांगितली नव्हती.

प्यायलाच हवं असं मी म्हणत नाही. दारू आरोग्याला अपायकारकच आहे. पण घरात लपवाछपवी सुरू झाली की प्रमाण किती, सोबत कोण, घरी कसं यायचं, हे प्रश्न विचारायलाच कुणी उरत नाही. म्हणून मोकळेपणाने बोला आणि बाहेर जाताना काही गोष्टी सांभाळा.

वयाचा नियम पाहा : तो प्रत्येक राज्यात वेगळा आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१, कडक मद्यासाठी २५, दिल्लीत २५, तर गोव्यात १८ वर्षं. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे.

आग्रह करू नका : ‘‘घे ना, एकाने काय होतं?’’ हे वाक्य जेवणाच्या पंगतीत शोभतं, इथे नाही. सोडा पिणाऱ्याला कमी लेखू नका आणि बिअर घेणाऱ्या मुलीच्या चारित्र्यावर बोलू नका.

आधी खा : रिकाम्या पोटी मद्य लवकर चढतं. आधी काहीतरी खायला मागवा आणि अधूनमधून पाणी पीत राहा.

बिल वाचा : सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. तो काढून टाकायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. मद्यावर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचा वेगळा कर लागतो.

गाडी घरीच ठेवा : १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टॅक्सीचं भाडं नक्कीच स्वस्त पडतं.

आम्ही टॅक्सीनेच परतलो. वाटेत आई म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी बाबांनाही आणूया. त्यांनाही बोलतं करता येईल.’’

तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्याच्याशी बरंच बोलायचं राहून गेलंय? मग एखाद्या संध्याकाळी त्यांना बाहेर घेऊन जा. ग्लासात काय असावं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.