अर्ध्यावरून परतलेला मार्क

प्रेषितांच्या कृत्यांत एक लहानशी नोंद आहे. तिच्यावर प्रवचन झालेले आम्ही कधी ऐकले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी केले नाही. पौल, बर्णबा आणि त्यांचा तरुण सोबती योहान मार्क कुप्र बेटावरून समुद्रमार्गे पंफुल्यातील पिर्गा येथे उतरले आणि तेथून मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला. का गेला, हे लूक सांगत नाही. भाष्यकारांनी तर्क पुष्कळ केले आहेत: आजारी पडला असेल, पुढच्या डोंगरवाटांना भ्याला असेल, घरची आठवण आली असेल. लूक मात्र एवढ्यावरच थांबतो. पुढे दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा मार्कला बरोबर घेऊ म्हणाला आणि पौलाने साफ नकार दिला. मागे अर्ध्यावर सोडून गेलेला मनुष्य पुन्हा नको! त्यावरून त्या दोन महान प्रेषितांत एवढे बिनसले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबाने मार्कला घेतले आणि तो कुप्राकडे गेला. कित्येक वर्षांनी बंदिवासात असलेला तोच पौल तीमथ्याला लिहून मार्कला बोलावून घेतो, कारण तो आपल्या उपयोगाचा आहे असे त्याला वाटते. आणि परंपरेने ज्याच्या नावावर दुसरे शुभवर्तमान दिले आहे, तो हाच परतलेला मुलगा.

आमच्या वऱ्हाडात मार्क पुष्कळ आहेत. बर्णबा सापडत नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे. ते आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम आम्ही स्वतःच उभे आहोत.

पण आधी थोडे परक्या अंगणात डोकावू. काही वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका बसमध्ये आम्हांला दोन तरुण भेटले. पांढरा सदरा, गळपट्टा, खिशावर काळी नामपट्टी, आणि त्या पट्टीवर विशीतल्या पोराच्या नावाआधी 'एल्डर', म्हणजे वडील, असे बिरूद! ते मॉर्मन पंथाचे मिशनरी होते. त्यांच्या शिकवणुकीशी आपले जमत नाही. त्यांचा बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा ग्राह्य धरीत नाही, असा निर्णय रोमने २००१ साली दिला आहे. म्हणून आम्ही जरा गंमतीनेच त्यांच्याशी बोलू लागलो. त्यांतला एक आंध्रातला होता. सोबत्याचा डोळा लागल्यावर तो हळूच म्हणाला, "फादर, तुमच्याकडे कोणी मुदतीपूर्वी घरी गेला, तर लोक काय म्हणतात?"

आम्ही काही तरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर दर्यापूरला आला.

पुढे आम्ही त्या पंथाविषयी थोडे वाचले. त्यांच्या मुलांनी दोन वर्षे आणि मुलींनी अठरा महिने घर सोडून प्रचारास जायचे असते. २०१२ साली मुलांसाठी वयाची अट एकोणीसवरून अठरावर आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीसवर आली. सोबत्याला सोडून कोठे जायचे नाही, दिवसाचा तास न् तास नेमलेला. घरी दूरध्वनी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी. त्यातून कित्येक पोरे खचली. झोप उडाली, धास्तीने छाती धडधडू लागली, प्रार्थनेत शब्द सुचेनासे झाले. जी मुदत संपण्याआधी परतली, त्यांना आपल्याच मंडळीत तोंड लपवून बसावे लागले. कारण तेथे मिशन पुरे करणे ही पोराच्या पुरुषार्थाची आणि घराण्याच्या भक्तीची कसोटी होऊन बसली होती. आता गंमत पाहा. ज्यांना आपण पाखंडी म्हणून हसतो, त्यांनी हे ओळखले. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी बोलण्याची मोकळीक दिली. ज्याची प्रकृती प्रचाराचा ताण सोसत नाही, त्याला घरी राहून सेवा-मिशन करता येईल अशी वाटही त्याच वर्षी रुंद केली. हे सर्व पुरेसे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण दुखणे त्यांनी दुखणे म्हणून मान्य तरी केले.

आपण काय केले?

धर्मग्रामातील एका मुलाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. घर कोरडवाहू शेतकऱ्याचे, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले, जेथे जमिनीखाली पाणी आहे पण ते पिता येत नाही. मुलगा हुशार, मिस्सासेवक, आवाज गोड. पाचारणाच्या शिबिरात आम्हीच त्याला हेरले. बारावीनंतर एका संस्थेने त्याला दूर दक्षिणेत पाठविले. तेथे ज्वारीची भाकर नाही, वऱ्हाडी बोलणारा दुसरा जीव नाही. जेवणाच्या टेबलावर इतर जण आपापल्या भाषेत हसत, आणि हा ताटात पाहत बसे. दोन वर्षांनी सुट्टीत आला तेव्हा आमच्याकडे येऊन म्हणाला, "फादर, रातच्यानं झोप येत नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाट्टे. प्रार्थना करतो, पण आतून काहीच हालत नाही."

आम्ही त्याला काय सांगितले असेल? नोव्हेना कर म्हणालो. जपमाळ वाढव, सैतान अशाच वेळी परीक्षा पाहतो, म्हणालो. खांद्यावर थोपटले आणि आशीर्वाद दिला. त्या दिवशी आम्ही मोठ्या समाधानाने जेवलो, हेही आठवते.

सहा महिन्यांत संस्थेने त्याला घरी पाठविले. बरोबर दोन ओळींचे पत्र होते: सदर उमेदवारास पाचारण नसल्याचे दिसून आले आहे. त्याच्या दुखण्याचा त्यात उल्लेख नव्हता. बाप आमच्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "फादर, लोकाईले काय सांगू? पोट्टं काहून वापस आलं म्हणून पुसतात." आणि लोकांनी खरोखरच पुसले. आपल्याच धर्मग्रामस्थांनी, मिस्सा सुटल्यावर, देवळाच्या पायरीवर. कोणी म्हणाले पोरीचे लफडे असेल, कोणी म्हणाले चोरी केली असेल. ज्या आजीबाईंनी त्याच्या निरोपाच्या वेळी हार घातला होता, त्यांनी तोंड फिरविले. एका पहाटे त्याला वापरात नसलेल्या विहिरीतून बाहेर काढले. दिवस उन्हाळ्याचे, पाणी कमरेएवढे, म्हणून वाचला. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. घरच्यांनी पोलिसांना सांगितले की पाय घसरला. पोलिसांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही मान डोलावली. त्या खोट्याची आम्हांला लाज वाटत नाही. लाज वाटते ती आधीच्या नोव्हेनाची.

आमच्या या म्हणण्यावर काही ज्येष्ठ धर्मगुरुबंधू रागावतात. ते म्हणतात, "आमच्या काळी कोठे होते हे डिप्रेशन? आम्ही पत्र्याच्या खोलीत राहिलो, सायकलने खेडी केली. आजची पोरे नाजूक आहेत." आम्ही त्यांचा आदर करतो. १८४६ साली सॅव्हॉयच्या डोंगरांतून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संस्थेचे मिशनरी विशाखापट्टणमला उतरले. त्याच कार्याच्या विस्तारातून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि त्यातून १९५५ साली आपला अमरावतीचा. त्या माणसांचे कष्ट आम्ही विसरलेलो नाही. पण "आमच्या काळी नव्हते" हे खरे नाही, बंधूंनो. होते, त्याला नाव नव्हते. अमुक फादर संध्याकाळनंतर कोणाला भेटत नसत, तमुक फादरांची दर वर्षी बदली होई, एका सिस्टरने वर्षभर कोणाशी शब्द बोलला नाही आणि आपण त्याला मौनव्रत म्हटले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे. जेवणानंतरच्या गप्पांत आपण त्यांच्या नकला करीत होतो.

आणि संतांचे काय? १५२२ साली मान्रेसा येथे लोयोलाचे संत इग्नेशियस पापशंकेने एवढे ग्रासले होते की खोलीतल्या खड्ड्यात उडी टाकून जीव द्यावा असे त्यांना पुनःपुन्हा वाटे, हे त्यांनीच आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. ती शंका जावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्नपाणी सोडले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना काय आज्ञा केली? उपास मोड! तपश्चर्या वाढव असे तो म्हणाला नाही. मिशनांची आश्रयदाती बाळ येशूची संत तेरेजा घ्या. तिचे वडील लुई मार्टिन १८८९ ते १८९२ अशी तीन वर्षे कां येथील मनोरुग्णालयात होते. लोक कुजबुजत की धाकटी मुलगी मठात गेली म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले. तेच लुई मार्टिन २०१५ साली पत्नीसह संतपदी चढले. परमगुरुस्वामी फ्रान्सिस तर आपल्या काळातले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आपण सहा महिने एका ज्यू डॉक्टरीणबाईंकडे मनोविश्लेषणासाठी जात होतो, असे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींच्या पुस्तकात सरळ सांगून टाकले. पीटरच्या आसनावरील माणसाला जे सांगता आले, ते आपल्या नॉव्हिसला आपल्या वरिष्ठांपुढे सांगता येत नाही.

का येत नाही, तेही सांगतो. त्याला फाइलची भीती असते. एकदा "मनाचा आजार" असे लिहिले गेले की दीक्षा संपली, असे प्रत्येक मुलाच्या मनात बसले आहे. धर्मसंहितेच्या १०४१ व्या कलमाकडे बोट दाखविले जाते. पण ते कलम पुरते वाचतो कोण? मानसिक व्याधीमुळे सेवाकार्य नीट पार पाडण्यास मनुष्य असमर्थ आहे असे तज्ज्ञांचा सल्ला घेऊन ठरले, तरच ते लागू होते. म्हणजे वरिष्ठांनी डॉक्टरकडे गेलेच पाहिजे, असे तेच कलम सांगते. २००८ साली रोमच्या शिक्षणविषयक मंडळाने सेमिनरींसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत मानसशास्त्रज्ञाची मदत घेण्याची मुभा आहे, आणि ती उमेदवाराच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीनेच, अशी अट आहे. कलम ७०२ म्हणते की संस्था सोडून जाणाऱ्याशी संस्थेने न्यायाने व शुभवर्तमानाला साजेशा प्रीतीने वागावे. दोन ओळींचे पत्र आणि रेल्वेचे तिकीट ही कोणती प्रीती?

दुसरी बाजू याहून मुकी आहे. आपली पोरे जशी दक्षिणेत जातात, तशा झारखंड-ओडिशाच्या, केरळच्या बावीस-तेवीस वर्षांच्या सिस्टर आपल्या खेड्यांत येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. मराठी पुस्तकातून शिकलेली, आणि समोर बाई म्हणते, "काहून वं सिस्टर, सुकून गेली?" तो प्रश्न प्रेमाचा आहे हे कळायलाच तिला वर्ष लागते. दिवसभर दवाखाना, शाळा, वसतिगृह. रात्री घरी बोलावे तर रेंज नाही, किंवा परवानगी नाही. आपण तिच्याकडे औषध मागतो, दाखला मागतो, प्रार्थना मागतो. सिस्टर, तुम्ही जेवलात का, असे आपल्यापैकी कितींनी विचारले?

वऱ्हाडातल्या माणसांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. शेतकऱ्याने जीव दिला की आपल्याकडे समिती बसते. कर्जाचे कागद पाहते आणि मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' ते ठरविते. पात्र ठरला तर कुटुंबाला एक लाख रुपये. आपण त्या समितीला शिव्या देतो. पण परतलेल्या मुलापुढे आपणही तीच समिती भरवितो. पाचारण होते की नव्हते, पात्र की अपात्र? तो आजारी आहे, हा रकाना आपल्या फॉर्मवर नाहीच.

प्रार्थनेने मन बरे होत नाही, असे आम्ही म्हणत आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आम्ही रोज वेदीपुढे उभे राहणारे आहोत. पण याच परिसरातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी रोग्याला औषधोपचार देणे हाच धर्म सांगितला आणि दुखण्यावर नवस करणाऱ्यांना झोडपून काढले. तो झाडू आपल्या नोव्हेनांवरही पडायला हवा होता. एलीयाची गोष्ट वाचा. रतामाच्या झुडुपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवू घातले. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आपण पहिल्याच दिवशी प्रश्न विचारतो, आणि भाकर देतच नाही.

ख्रिस्तसभाही बदलली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफन नाकारले जाई. १९८३ च्या संहितेत ती बंदी राहिली नाही. देशाचा कायदाही बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालील मनुष्य समजतो आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य मानतो. २०२४ पासून ते ३०९ कलम दंड संहितेबरोबरच गेले. बदलायची राहिली ती आपल्या देवळाची पायरी.

आम्ही आमच्यापुरते जे ठरविले ते असे. धर्मग्रामातून कोणी मुलगा-मुलगी व्रतजीवनासाठी गेली की दर आठवड्याला घरी बोलता येईल, हे संस्थेकडून लिहून घेतल्याशिवाय आम्ही शिफारसपत्र देणार नाही. एका संस्थेने त्यावर नापसंती कळविली आहे, कळवो. कोणी परतले तर पहिल्या दिवशी त्याच्या घरी जेवायला आम्ही जाऊ, आणि जाताना देवळातून नव्हे, बाजारातून जाऊ, म्हणजे लोक पाहतील. आणि देवळाच्या सूचनाफलकावर मिस्सेच्या वेळांखाली १४४१६ हा क्रमांक लावला आहे. टेलि-मानस ही २०२२ पासून चालू झालेली सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. फलकावर तो पाहून एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला बाजूला घेतले. देवळात असले नंबर लावल्याने पाचारणे कमी होतील, अशी त्यांची काळजी होती.

तो विहिरीतला मुलगा आज संसारी आहे, दोन मुलींचा बाप आहे. रविवारी येतो. आत बसत नाही. दाराशी चपलांजवळ उभा राहतो आणि ख्रिस्तप्रसादानंतर निघून जातो. मागच्या महिन्यात तो प्रथमच थांबला. नुकताच एका संस्थेतून परतलेला, त्याच्याच गल्लीतला, वीस वर्षांचा एक मुलगा त्याच्या पाठीशी उभा होता. म्हणाला, "फादर, याले नोव्हेना नका सांगू."

येत्या बुधवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघे अमरावतीला मानसोपचारतज्ज्ञांकडे जात आहोत. त्या पोराच्या बापानेही तोच प्रश्न विचारला, लोकाईले काय सांगू? दवाखान्यात गेला आहे म्हणून सांगा, असे आम्ही म्हटले. आणि फादर सोबत गेले आहेत, हेही सांगा.